वॉलबी, बेडूक आणि काळा कोंबडा

ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात ग्रिफिथ शहराजवळ येंडा नावाचं गाव आहे. सिसिलीहून नशीब काढायला आलेल्या फिलिपो आणि मारिया कॅसेला या दांपत्यानं तिथं १९६५ साली शेत घेतलं आणि १९६९मध्ये स्वतःची वाइनरी काढली. पुढची तीस वर्षं या वाइनरीचं नाव पंचक्रोशीबाहेर फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. बरीचशी वाइन मोठ्या कंपन्यांना घाऊक विकली जायची आणि त्यांच्या नावानं बाटलीत भरली जायची. मुलगा जॉन कारभार पाहू लागल्यावर स्वतःचा माल घेऊन अमेरिकेत उतरायचं ठरलं. पहिला प्रयत्न 'करामार इस्टेट' अशा भारदस्त नावाचा होता. तो फसला. मग २००१मध्ये त्याच वाइनरीतून दुसरी बाटली निघाली. काळ्या लेबलावर उडी घेणारा एक रंगीत प्राणी आणि चौकटी कंसात, सगळी अक्षरं स्मॉल लेटर्समधली, 'यलो टेल'. पहिल्या वर्षी २५ हजार पेट्या खपतील असा अंदाज होता. तो इतका चुकला की २००५पर्यंत एकट्या अमेरिकेत वर्षाला सुमारे ७५ लाख पेट्या जाऊ लागल्या. पेटीत १२ बाटल्या धरल्या तर वर्षाला नऊ कोटी बाटल्या.

लेबलावरच्या त्या प्राण्याला सगळे कांगारू म्हणतात, पण तो कांगारू नाही. तो पिवळ्या पायांचा रॉक-वॉलबी आहे. कांगारूच्याच कुळातला, पण चणीनं लहान, शेपटीवर पट्टे असलेला. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स डोंगररांगांसारख्या कोरड्या, खडकाळ भागात तो राहतो आणि त्याची संख्या काळजी वाटावी इतकी घटली आहे. येंडाच्या सपाट, कालव्याच्या पाण्यावर पिकणाऱ्या शिवारात तो सापडत नाही. चित्र काढलं अ‍ॅडलेडच्या बार्बरा हार्कनेस यांनी, आणि तेही कॅसेलांनी सांगितलं म्हणून नव्हे. वाइनरींना तयार लेबलं विकण्यासाठी केलेल्या संचातलं ते एक होतं. म्हणजे ज्या प्राण्यानं ही वाइन घरोघरी पोचवली त्याचा त्या द्राक्षांशी, त्या मातीशी, त्या चवीशी काडीचा संबंध नव्हता. या पुस्तकाचा विषय नेमका तिथून सुरू होतो.

पुढच्या पानांत वाइनच्या बाटल्यांवरचे प्राणी आहेत. बेडूक, मांजरं, बैल, शेळ्या, बदकं, पाणघोडा, पेंग्विन, गरुड, कोंबडे. वाइन कशी चाखावी, कोणत्या जेवणाबरोबर घ्यावी, ग्लास कुठे धरावा याबद्दल एक ओळही नाही. ज्यानं आयुष्यात थेंब घेतला नाही त्यालाही हे वाचता येईल, कारण पुस्तकाचा खरा नायक गिऱ्हाईक आहे. दुकानात उभा असलेला, खिशात मोजके पैसे असलेला, आपल्याला यातलं काही कळत नाही हे मनातून जाणणारा माणूस. माझं म्हणणं एवढंच आहे की लेबलावरचा प्राणी वाइनबद्दल काही सांगत नाही, तो या माणसाची भीड मोडतो. पुढची बहुतेक उदाहरणं या म्हणण्याला धरून आहेत. एकदोन त्याच्या विरोधात जाणारीही आहेत आणि ती मुद्दाम ठेवली आहेत.

ही भीड कसली, ते वाइनच्या दुकानात उभं राहिल्याशिवाय कळत नाही. बिस्किटांच्या किंवा साबणाच्या खणापुढे आपण असे अवघडत नाही. अमेरिकेतल्या साध्या सुपरमार्केटमध्ये वाइनच्या शेकडो बाटल्या मांडलेल्या असतात. आकार सारखे, रंग दोनतीन, आणि फरक सांगणारी सगळी माहिती कागदाच्या एका चौकोनावर. जुन्या फ्रेंच पद्धतीच्या लेबलावर हवेलीचं बारीक रेघांचं चित्र, गावाचं नाव, मालकाचं नाव, साल आणि दर्जा. द्राक्षाचं नाव बहुतेक वेळा नसतंच, कारण बोर्दोचा माणूस ते गृहीत धरतो. जर्मन लेबलावर एकेक शब्द मालगाडीएवढा लांब. आता कल्पना करा, उद्या कोणाकडे जेवायला जायचंय, हातात काहीतरी न्यायचंय, आणि नोकराला विचारावं तर नाव उच्चारता येत नाही. उच्चार चुकला तर हसं होईल ही धास्ती. अशा वेळी खणातून एक वॉलबी उडी मारताना दिसतो. त्याचं नाव घ्यावं लागत नाही. बाटली उचलायची आणि गल्ल्यावर न्यायची. पुढच्या वेळी यायचं झालं तर 'ती कांगारूवाली' एवढं लक्षात राहिलं की झालं.

एकट्या चित्रानं हे घडलं असं मात्र कोणी समजू नये. कॅसेलांनी बाकीचं कामही नीट केलं होतं. सुरुवातीला दोनच वाइन आणल्या, एक पांढरी शार्डने आणि एक लाल शिराझ, म्हणजे निवडीचा घोळच नको. दोन्हींना एकच बाटली, त्यामुळे खर्च कमी. किंमत सहासात डॉलर. चव थोडी गोडसर, तुरटपणा कमी, म्हणजे सोड्याची सवय असलेल्या जिभेलाही चालेल अशी. दुकानातल्या विक्रेत्यांना ऑस्ट्रेलियन गुराख्यांच्या टोप्या आणि कोट वाटले. विक्रेत्यालासुद्धा वाइनबद्दल बोलायचा धीर हवाच असतो. व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांत हे उदाहरण आता इतकं शिकवलं जातं की त्याचा कंटाळा यावा. पण तिथं वॉलबीला एखाद्या तक्त्याच्या कोपऱ्यात बसवतात, आणि तो तर साऱ्या बेताच्या मध्यभागी होता. कारण वाइन सोपी केली, गोडसर केली, हे गिऱ्हाइकाला बाटली उघडल्यावर कळणार. बाटली उघडण्याआधी फक्त चित्र असतं.

मग लोंढा आला. साउथकॉर्प कंपनीनं २००४मध्ये 'लिटल पेंग्विन' आणली. कॅलिफोर्नियातल्या गॅलो कंपनीनं नाचरा बैल आणला. लठ्ठ पाणघोड्याची 'फॅट बास्टर्ड' आधीपासून होतीच. अमेरिकन व्यापारात या सगळ्यांना मिळून 'क्रिटर लेबल', म्हणजे प्राण्याबिण्यांचं लेबल, असं नाव पडलं. नावात थोडी चेष्टा होती, थोडा मत्सरही. बाजाराची मोजदाद करणाऱ्या एसी नील्सननं २००६मध्ये आकडे दिले. आधीच्या तीन वर्षांत बाजारात टिकलेल्या ४३८ नव्या टेबल वाइनपैकी ७७वर कुठला ना कुठला प्राणी होता, म्हणजे सुमारे १८ टक्के. आणि प्राणी असलेल्या नव्या वाइनचा खप प्राणी नसलेल्या नव्या वाइनच्या दुपटीहून अधिक. हे आकडे वाचून किती वाइनरींनी आपापल्या चित्रकारांना फोन केले असतील ते सांगायला नको.

दुप्पट का, यावर मानसशास्त्रज्ञांनीही डोकं चालवलं आहे. त्यातले दोन प्रयोग इथं सांगण्यासारखे आहेत. पहिल्याचा वाइनशी संबंध नाही. २००७मध्ये जोशुआ न्यू, लेडा कॉस्मिडिस आणि जॉन टूबी यांनी लोकांना दृश्यांच्या जोड्या दाखवल्या, ज्यांत एखादीच गोष्ट बदललेली असे. बदललेली गोष्ट प्राणी किंवा माणूस असेल तर ती लोकांनी चटकन ओळखली. मोटारी, इमारती, झाडं यांच्यातले बदल ओळखायला वेळ लागला किंवा ते सुटलेच. शहरात वाढलेल्या माणसाला मोटारीवर नजर ठेवण्याची सवय अधिक असायला हवी, पण डोळा अजून रानातलाच आहे. शेकडो बाटल्यांच्या खणात हवेलीपेक्षा हरीण आधी का दिसतं याचं हे एक उत्तर झालं.

दुसरा प्रयोग थेट बाटलीवरचाच. अपर्णा लाब्रू, रवी धर आणि नॉर्बर्ट श्वार्त्झ यांनी तो २००८मध्ये 'जर्नल ऑफ कन्झ्युमर रिसर्च'मध्ये मांडला. लेबलावर बेडूक असलेली वाइन दाखवण्याआधी काही जणांच्या मनात बेडकाचा विषय शब्दांतून हळूच पेरून ठेवला. त्यांना ती बाटली इतरांपेक्षा जास्त आवडली. वाइन तीच, चित्र तेच. फक्त मनानं ते चित्र ओळखायला कष्ट घेतले नाहीत, आणि कष्ट न पडण्याचा तो सुखद भाव मनानं बाटलीच्या खात्यावर जमा केला. मला या प्रयोगाबद्दल एकच शंका आहे. प्रयोगशाळेत बेडूक पेरायला संशोधक असतो, दुकानात तो कोण पेरतो? पण मग लक्षात येतं की प्राणी आपल्या मनात लहानपणापासून पेरलेलेच असतात. चिऊकाऊच्या घासापासून. द्राक्षांच्या जाती आणि फ्रान्समधली गावं कोणाच्या घासात नसतात.

प्राणी लेबलावर आणणं ही ऑस्ट्रेलियन किंवा अमेरिकन युक्ती आहे असा समज या आकड्यांमुळे होईल. तो खरा नाही. मोझेल नदीकाठच्या त्सेल या जर्मन गावात काळं मांजर दीडशे वर्षांहून अधिक काळ वाइन विकतं आहे. गोष्ट १८६३ची सांगतात. आखेनहून आलेल्या व्यापाऱ्यांनी एका तळघरात चव घेत घेत तीन पिंपांवर बोट ठेवलं, पण त्यातलं कुठलं घ्यावं हे ठरेना. तेवढ्यात घरातलं काळं मांजर एका पिंपावर चढलं, पाठीची कमान केली आणि कोणाला जवळ येऊ देईना. व्यापाऱ्यांनी तेच पिंप घेतलं. तेव्हापासून 'श्वार्त्झे कात्झ', म्हणजे काळी मांजर, हे त्या गावच्या वाइनचं नाव. आपल्याकडे काळं मांजर आडवं गेलं तर व्यापारी सौदाच पुढे ढकलेल. गोष्ट खरी की रचलेली हा प्रश्न सोडून द्या. तिच्यात वाइनचे जाणकार व्यापारीच गोंधळलेले आहेत आणि निर्णय प्राण्यानं दिलेला आहे. सुपरमार्केटमधल्या बिचाऱ्या गिऱ्हाइकानं आणखी वेगळं काय केलं?

कोंबड्याची कथा याहून मोठी, आणि मला या सगळ्यांत सर्वांत आवडती. इटलीत तोस्काना प्रांतात फ्लोरेन्स आणि सिएना या दोन नगरांचं हद्दीवरून पिढ्यान्‌पिढ्या वैर. शेवटी असं ठरलं म्हणे की कोंबडा आरवताच दोन्हीकडून एकेक स्वार निघेल आणि जिथं दोघं भेटतील तिथं सीमा. सिएनाच्या लोकांनी पांढरा कोंबडा निवडला, त्याला पोटभर खाऊ घातलं. फ्लोरेन्सवाल्यांनी काळा कोंबडा घेतला आणि उपाशी कोंडून ठेवला. भुकेजलेला तो पक्षी तांबडं फुटायच्या कितीतरी आधीच ओरडू लागला. फ्लोरेन्सचा स्वार इतका आधी निघाला की सिएनाच्या स्वाराला तो सिएनाच्या वेशीपासून अवघ्या बाराएक किलोमीटरवर, फोंतेरुतोलीपाशी भेटला. कियांतीचा जवळजवळ सगळा मुलूख असा फ्लोरेन्सच्या पदरात पडला. काळा कोंबडा कियांतीच्या जुन्या लष्करी संघाचं चिन्ह झाला. चित्रकार वासारीनं फ्लोरेन्सच्या पालाझ्झो वेक्कियोमधल्या भव्य दालनाच्या छतावर तो रंगवला आहे. १९२४मध्ये राद्दा गावी ३३ वाइन उत्पादकांनी नकली कियांतीपासून आपला माल वाचवण्यासाठी संघ काढला तेव्हा त्यांनी हाच कोंबडा उचलला. आज कियांती क्लासिकोच्या प्रत्येक बाटलीवर तो असतो.

या कोंबड्याला अमेरिकेत मात्र आपलं नाव सांगायची चोरी झाली. इटालियन भाषेत कोंबड्याला 'गाल्लो' म्हणतात, आणि कॅलिफोर्नियातल्या अर्नेस्ट आणि ज्युलिओ गॅलो या बंधूंची प्रचंड कंपनी त्याच आडनावावर उभी. ते कोर्टात गेले. संघाला तिथं 'गाल्लो नेरो', म्हणजे काळा कोंबडा, हे शब्द सोडून द्यावे लागले. चित्र राहिलं. गॅलोंच्या बाबतीत याचं नवल नाही, कारण धाकट्या सख्ख्या भावानं चीजवर आपलंच आडनाव छापलं तेव्हा त्यालाही त्यांनी कोर्टात खेचून थांबवलं होतं. शब्द कोर्टात हरला आणि चित्र निभावलं ही बाब पुढच्या काही प्रकरणांत पुन्हा पुन्हा येईल.

स्पेनचा बैल तर बाटली सोडून रस्त्यावर आला. तोरेस घराण्यानं १९५४मध्ये 'सांग्रे दे तोरो' काढली आणि तिच्या गळ्यात छोटा प्लास्टिकचा बैल अडकवला. पोरं तो जमवायची, आणि पोरांसाठी बाटली घेणारे बाप तेव्हाही होते. ओसबोर्न कंपनीचा बैल त्याहून अवाढव्य. मानोलो प्रिएतो यांनी १९५६मध्ये ब्रँडीच्या जाहिरातीसाठी काढलेला हा काळा बैल चौदा मीटर उंचीच्या पत्र्यात कापून महामार्गांच्या कडेच्या टेकड्यांवर उभा केला गेला. रस्त्यालगतच्या जाहिरातींवर बंदी आली तेव्हा कंपनीनं बैलावरची अक्षरं पुसली आणि बैल ठेवला. पुढे बैलही हटवायचा हुकूम निघाला तेव्हा लोकच उठले, आणि १९९७मध्ये स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयानं तो राहू द्यावा असा निकाल दिला. आज सुमारे नव्वद बैल उभे आहेत. त्यांच्या अंगावर एक अक्षर नाही, आणि ते कशाचे आहेत हे माहीत नसलेला माणूस स्पेनमध्ये शोधून सापडणार नाही.

आता माझ्या म्हणण्याला छेद देणारी उदाहरणं. प्राणी म्हणजे स्वस्त आणि भोळ्या गिऱ्हाइकासाठी, असं समीकरण मांडायला गेलं की कॅलिफोर्नियाचं नापा खोरं आडवं येतं. 'स्क्रीमिंग ईगल' ही तिथल्या अतिमहाग वाइनपैकी एक, आणि तिच्या नावात व लेबलावर गरुड आहे. १९७६मध्ये पॅरिसला नावं झाकून घेतलेल्या चाचणीत ज्या १९७३च्या लाल वाइननं नामांकित फ्रेंच वाइनना मागं टाकलं ती 'स्टॅग्ज लीप वाइन सेलर्स'ची, म्हणजे नर हरणाच्या झेपेची. त्या गंभीर नावाची टर उडवत १९८१मध्ये 'फ्रॉग्ज लीप' निघाली. तिथल्या जमिनीवर पूर्वी बेडूक पाळून विकत असत, डझनाला ३३ सेंट या दरानं. बुचावर बेडकाचं 'डराँव' छापलेलं असतं. ही वाइन विनोदी आहे, पण स्वस्त नाही. बोर्दोच्या शातो मुतों रोथशिल्डनं १९८२च्या लेबलासाठी सिनेदिग्दर्शक जॉन ह्यूस्टन यांच्याकडून नाचणारा मेंढा काढून घेतला, आणि त्या बाटलीची किंमत इथं लिहिण्यात अर्थ नाही.

म्हणजे प्राण्यांतही जातपात आहे. गरुड, हरीण, मेंढा हे राजचिन्हांतून आलेले, ताठ उभे, बाजूनं दिसणारे, बहुधा एका रंगात छापलेले. पेंग्विन, पाणघोडा, वॉलबी हे गिऱ्हाइकाकडे बघणारे किंवा उड्या मारणारे, गोलसर, चटक रंगांचे. पहिले गिऱ्हाइकाला सांगतात, तू कुलीन आहेस. दुसरे सांगतात, तसं असायची गरज नाही. भीड दोन्हींनी मोडते. श्रीमंतालाही वाइनमधलं फारसं कळतंच असं नाही, त्याला फक्त वेगळा दिलासा लागतो. बेडूक मात्र दोन्हीकडे बसत नाही, आणि म्हणूनच तो मला पटतो.

दक्षिण आफ्रिकेतल्या फेअरव्ह्यूचे चार्ल्स बॅक यांनी शेळ्यांवरून जी गंमत केली तिचं एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांच्या मळ्यावर शेळ्या पाळलेल्या, त्यांच्यासाठी चढायला एक गोल मनोराच बांधलेला. त्यांनी वाइनचं नाव ठेवलं 'गोट्स डू रोम', शेळ्या भटकतात. भरभर म्हणून पाहा, फ्रान्सच्या 'कोत द्यु रोन'सारखं ऐकू येतं. फ्रेंच अधिकाऱ्यांना ते ऐकू आलंच. त्यांनी आक्षेप घेतला तेव्हा बॅक यांनी फ्रेंच वकिलातीसमोर शेळ्या नेऊन निदर्शनं केली. कुठल्याही जाहिरात कंपनीला इतकी प्रसिद्धी पैसे देऊन आणता आली नसती.

त्याच देशात स्टेलेनबॉशजवळच्या फेरखेनुख्त मळ्यावर मात्र प्राणी खरंच कामावर आहे. तिथं हजाराहून अधिक इंडियन रनर जातीची बदकं रोज सकाळी रांगेनं द्राक्षबागेत जातात आणि गोगलगाई वेचतात. कीटकनाशक वाचतं. मळ्याच्या एका वाइनचं नाव 'रनर डक'. बदकांच्या नावात 'इंडियन' असलं तरी ती मूळ इंडोनेशियाकडची, त्यामुळे अभिमानानं छाती फुगवायचं कारण नाही. पण लेबलावरच्या प्राण्याचा बाटलीतल्या मालाशी धडधडीत संबंध असलेलं हे दुर्मीळ उदाहरण. एरवी हा संबंध लपलेलाच असतो. वाइन नितळ करण्यासाठी अंड्याचा बलक काढून उरलेलं पांढरं, दुधातलं केसीन किंवा माशाच्या पोटातल्या पिशवीपासून केलेलं सरस वापरायची जुनी रीत आहे. पेंग्विन छापणारी कंपनी त्या माशाचं चित्र छापत नाही.

वॉलबीचं पुढे काय झालं हेही सांगायला हवं. खप टिकला, पण ऑस्ट्रेलियातले इतर वाइनवाले कुरकुरू लागले. अमेरिकन गिऱ्हाइकाच्या मनात ऑस्ट्रेलियन वाइन म्हणजे सहा डॉलरची, उड्या मारणारी, गोडसर, असं पक्कं बसलं. बरोसा खोऱ्यातल्या शंभर वर्षांच्या वेलींची वाइन तीस डॉलरला विकायला गेलेल्या माणसाला आता कांगारूशी भांडावं लागत होतं. त्यात ऑस्ट्रेलियन डॉलर महागला, आणि २०१०नंतरच्या काळात कॅसेलांनाही बऱ्याच वर्षांत पहिल्यांदा तोटा सोसावा लागला. भीड मोडणारं चित्र लोकांना दारात आणतं, पण आतल्या खोलीत नेत नाही. निदान या बाबतीत तरी नेलं नाही.

आपल्याकडे पाहिलं तर छापावर माल विकण्याची कला आपल्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. एकोणिसाव्या शतकात मँचेस्टरहून मुंबईला येणाऱ्या कापडावर रंगीत तिकिटं चिकटवलेली असत आणि त्यांवर हत्ती, वाघ असत, कारण गिऱ्हाइकाला इंग्रजी वाचता येत नव्हतं. माकड छाप दंतमंजन, कोंबडा छाप फटाके यांच्यावर आपल्या तीनचार पिढ्या वाढल्या. दांडेकर बंधूंनी १९३१मध्ये मुंबईत शाईचा धंदा सुरू केला तोही 'हॉर्स ब्रँड' म्हणून, नंतर उंट आला, आणि त्या उंटावरून आपण सगळे शाळा शिकलो. तेव्हा महाराष्ट्रात वाइन आली तर प्राण्यांची रांग लागायला हवी होती. तसं झालं नाही. नाशिकला राजीव सामंत यांच्या सुलानं मिशीवाला सूर्य निवडला. इतरांनी इटालियन, फ्रेंच वळणाची नावं घेतली. सुलानं पुढे कर्नाटकातल्या द्राक्षांची 'काडू' काढली तेव्हा तिचं नातं वाघांच्या संरक्षणाशी जोडलं, पण असे प्रसंग थोडे.

याचं कारण मला दुकानात दिसतं. आपल्या 'वाइन शॉप'मध्ये गिऱ्हाईक बाटलीपर्यंत पोचतच नाही. मध्ये काउंटर, पुष्कळ ठिकाणी त्यावर जाळी, मागे रांग. माणूस नोट पुढे करतो, ब्रँडचं नाव आणि 'क्वार्टर' किंवा 'खंबा' म्हणतो, कागदात गुंडाळलेलं घेतो आणि ओळखीचं कोणी दिसायच्या आत निघतो. इथं चित्राला कामच नाही, तोंडानं पटकन म्हणता येईल असं नाव हवं. म्हणून आपल्या दारूबाजारात प्राणी आहेत ते नावांत आहेत. किंगफिशर, रॉयल स्टॅग, ब्लॅक डॉग. मद्याच्या जाहिरातींवर बंधन असल्यामुळे किंगफिशरचा पक्षी पाण्याच्या बाटलीवर, कॅलेंडरवर आणि २००५ ते २०१२ या काळात विमानांच्या शेपटीवरही उडाला. दुकानातल्या जाळीमागे त्याला पाहणार कोण?

दुसरं कारण आपल्या देवांचं. आपल्याकडे प्राणी नुसता प्राणी नसतो. उंदीर गणपतीचा, मोर कार्तिकेयाचा, वाघ-सिंह देवीचे, नंदी महादेवाचा, गायीबद्दल तर बोलायलाच नको. धार्मिक भावना दुखावणारं चिन्ह १९९९च्या ट्रेडमार्क कायद्याखाली नोंदवताच येत नाही, आणि लेबल राज्याराज्यांतल्या उत्पादन शुल्क खात्याकडून मंजूर करून घ्यावं लागतं. नाशिकच्या एखाद्या वाइनरीनं उद्या बैल छापायचा म्हटला तर स्पेनमध्ये उभा असलेला तो बैल इथं पोळ्याच्या मिरवणुकीत शिरेल. खंड्या, हरीण, बेडूक ही मोकळी मंडळी. निवड एवढीच उरते.

जानेवारी २०२२मध्ये राज्य सरकारनं मोठ्या सुपरमार्केटांत वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला तेव्हा गदारोळ झाला आणि तो निर्णय बारगळला. तो चांगला होता की वाईट, याचा निवाडा या पुस्तकात नाही. माझं मत विचाराल तर वाइन हा द्राक्ष बागायतदाराचा तारणहार आहे हे तेव्हा जितक्या जोरात सांगितलं गेलं तितकं ते खरं नाही, आणि ती किराण्याच्या दुकानात दिसली की घरं बुडतील हेही तितकं खरं नाही. पण लेबलाच्या दृष्टीनं पाहिलं तर तो निर्णय अंमलात आला असता तर आपल्याकडे प्रथमच वाइन मोकळ्या खणात, हाताच्या अंतरावर आली असती, आणि महाराष्ट्रातल्या चित्रकारांना काम मिळालं असतं. त्या खणात सूर्य टिकला असता की कोणी खारुताई आणली असती, याचा अंदाज वाचकानं पुस्तक संपल्यावर आपला आपण करावा.

लेबलांची चित्रं निवडताना एक अडचण सतत जाणवली. परदेशातल्या वाइनरी जुनी लेबलं जपतात. आपल्याकडे नारायणगावच्या 'ओमर खय्याम'सारख्या पहिल्यावहिल्या बाटल्यांची किंवा २००१च्या सरकारी धोरणानंतर नाशिक-सांगलीत निघालेल्या आणि बंद पडलेल्या छोट्या वाइनरींची लेबलं मिळवणं महाकठीण आहे. कोणाच्या माळ्यावर, फडताळात अशी बाटली असेल तर ती भंगारवाल्याला देऊ नका. लेबल सुटत असेल तर कोमट पाण्यात भिजवून सोडवा, सावलीत वाळवा आणि मागे पेन्सिलनं साल व गावाचं नाव लिहून ठेवा. सुटत नसेल तर बाटलीसकट ठेवा.